आक्काच्या गळ्यातला पेन ड्राइव्ह

मंगळसूत्राबरोबर पेन ड्राइव्ह घालणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तीर्थपुरीच्या बाजारातल्या छापखान्यात आक्का डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकुराची जुळणी, करायची आणि मी तिच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायचे. काळ्या दोऱ्यात ओवलेला तो पेन ड्राइव्ह ती आंघोळीपुरताच काढत असावी. त्यात तिच्या स्क्रिप्ट होत्या. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेली कामाची रीत. मग बटण दाबलं की तो ते काम आपलं आपण करतो.

एकच काम तिसऱ्यांदा हातानं करायची वेळ आली की आक्का माउस बाजूला सारायची, तोंडात बडीशेप टाकायची आणि म्हणायची, "आपुन काय घाण्याला जुंपलेली बैलं हाव का?" मग नोटपॅड उघडून लिहीत बसायची. चुकलं तर सॉफ्टवेअर नुसतं 'चूक' म्हणून गप्प. कुठं चुकलं ते शोधण्यात तिचा दिवस जायचा. भाऊ, म्हणजे आमचे मालक, येता-जाता कुरकुरायचे की पगार टायपिंगचा देतो, संशोधनाचा नाही. आक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिची गाजलेली स्क्रिप्ट लग्नपत्रिकेची. आमच्याकडं पत्रिकेत निम्मं गाव असतं. नावं दिली की स्क्रिप्ट ती रांगेत लावून चौकटीत बसवायची. पहिल्याच पत्रिकेचं प्रूफ घरी गेलं आणि दुपारी त्या घरचे आजोबा, हरिभाऊ, काठी टेकत दुकानात हजर. नावं अकारविल्हे लागल्यामुळं पाळण्यातला अंकुश निमंत्रकांत पहिला आला होता आणि खुद्द हरिभाऊ शेवटी. म्हातारा शांतपणे म्हणाला, "आमच्या घरचा कारभार नातवाकडं गेला का? मला कुणी कळवलं न्हाई." मला हसू आवरेना. आक्कानं मात्र त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि थोरले चुलते आधी की आत्याचे मालक, मोठे जावई आधी की धाकटे मामा, सगळं खोदून खोदून विचारलं. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटर मानपान शिकला. भल्याभल्या सुनांना ते जन्मभर जमत नाही.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि आक्काचं नशीब फळफळलं. स्क्रिप्ट लिहायची खिडकी आतच, चुकलेली ओळ लाल दिसायची, प्रत्येक स्क्रिप्ट नाव देऊन कप्प्यात ठेवता यायची, आणि मनात आलं तर जशीच्या तशी दुसऱ्या दुकानाला पाठवताही यायची. त्या दिवशी आक्कानं सगळ्यांना भजी खाऊ घातली.

त्याच उन्हाळ्यात भाऊंनी सामुदायिक विवाहाच्या पत्रिकांचं काम घेतलं. प्रत्येक जोडप्याची पत्रिका वेगळी, दोन्हीकडची नावं वेगळी आणि मुदत अगदी तोकडी. भाऊंनी बजावलं की हे फसलं तर डीटीपी बंद, पुढं सगळं शहरातूनच करून आणू. म्हणजे आक्का आणि मी घरी. आणि नशिबाची खोड बघा, दुसऱ्याच दिवशी माझा कॉम्प्युटर बंद पडला. स्क्रिप्ट असली तरी नावं टाइप करायला माणसंच लागतात, आणि एकट्या आक्काच्यानं ते होणारं नव्हतं.

आक्कानं अंबडच्या आणि घनसावंगीच्या छापखान्यांना फोन लावले, निम्मी जोडपी त्यांना वाटून दिली आणि आपली स्क्रिप्टही पाठवून दिली. भाऊंचा पारा चढला. आपलं गुपित वैऱ्याच्या घरात! आक्का एवढंच म्हणाली, "भाऊ, उपसा न्हाई केला तर हिरीचं पाणी सडतंय. उपसलं की झरे लागतेत." भाऊ पाय आपटत बाहेर गेले.

संध्याकाळी अंबडहून स्क्रिप्ट परत आली, सुधारून. एका नवरीला वडील नव्हते आणि आक्काच्या रांगेत तिच्या आईचं नाव चुलत्या-मामांच्या खाली जात होतं. तिथल्या ऑपरेटर बाईनं दोन ओळी वाढवून त्या माउलीला निमंत्रकांत सगळ्यांच्या वर बसवलं होतं. आक्कानं पडद्यावरच्या त्या दोन ओळींवरून बोट फिरवत ते वाचलं, पदरानं डोळे पुसले आणि तीच दुरुस्ती घनसावंगीलाही धाडली. मुदतीच्या दिवशी दुपारीच गठ्ठे बांधून तयार. अख्ख्या सोहळ्यात पत्रिकेवरून एकही सोयरा रुसला नाही. आमच्या भागात याला चमत्कार म्हणतात. डीटीपी राहिली, आम्ही राहिलो, आणि भाऊ छाती काढून सांगत फिरले की वाटून द्यायची कल्पना मुळात त्यांचीच.

पुढं आक्का लेकाकडं नाशिकला राहायला गेली. निघताना गळ्यातला दोरा काढून तिनं माझ्या हातावर ठेवला. एवढा खजिना मला दिला म्हणून मी ढसाढसा रडले. ती गेल्यावर लावून पाहते तर पेन ड्राइव्ह रिकामा! फोन केला, तर ती खदखदून हसली. "आता कशाला गळ्यात बाळगू? साऱ्या जिल्ह्यात हाय ते. अजून वाटूनच राह्यले मी."

परवा भोकरदनकडच्या एका लांबच्या नात्यातली पत्रिका आली. छापखान्याचं नावही मी कधी ऐकलेलं नाही. नवरीचे वडील मागंच वारले. निमंत्रकांत पहिलं नाव तिच्या आईचं होतं आणि त्याखाली घरातल्या सगळ्यात थोरल्या आजोबांचं. मी पत्रिका कपाळाला लावली आणि आक्काला फोन केला.