नकाशातला अण्णांचा रस्ता

नव्या बायपासला लागलं की माझ्या गाडीतला नकाशा गोंधळतो. पडद्यावर गाडी सरळ शेतातून पळताना दिसते आणि शेजारी जुना, वळणावळणाचा रस्ता तसाच असतो. खरं तर तो आता उखडून टाकलाय. सर्व्हिसिंगवाला दर खेपेला म्हणतो, "मॅडम, वर्षातून एकदा तरी नकाशा अपडेट करा." मी म्हणते, पुढच्या वेळी.

त्या रस्त्यावर माझे वडील, अण्णा, मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, मैलाचे दगड रंगवायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आणि पहिली गाडीही माझीच. हे सांगायला मी लाजत नाही. अण्णांना त्यांच्या रस्त्यावरून या गाडीत एकदा फिरवायचं होतं. आधी अण्णा गेले, मग रस्ता.

रस्ते बदलले की नकाशा बदलावा, एवढं मला कळतं. पण बदलला की जुन्या रस्त्याची ती रेघ जाणार, आणि अण्णांनी तिथं घालवलेली तीस वर्षं दुसरीकडे कुठेच नोंदलेली नाहीत.

काल आई शेजारी बसली होती. पडदा बघून हसली. "अगं, ज्वारीत घातलीस की गाडी!"

"नकाशा जुना आहे, आई. ही रेघ दिसते ना, तो अण्णांचा रस्ता."

तिने चष्मा सारखा केला. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इथं जरा सावकाश घे. इथंच कुठंतरी वाकलेले असायचे."

मी वेग कमी केला. मागचे हॉर्न वाजवत राहिले.