आईचे हेडफोन आणि माझं फिजिक्स

आवाज हा माझा विषय आहे. इंदूरच्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं फिजिक्स शिकवतो आणि त्यातलं ध्वनीचं प्रकरण दर वर्षी मीच मागून घेतो. त्यामुळे घरात हेडफोन आणायचे ठरले, तेव्हा ते कोणी निवडायचे हा प्रश्नच नव्हता. (वैशालीने, म्हणजे माझ्या बायकोने, "मी ऑनलाइन मागवून टाकते" असं दोनदा म्हटलं होतं. पण ते मी मनावर घेतलं नाही.)

हेडफोन हवे होते आईसाठी. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. कॉलनीच्या भजनी मंडळात वीस वर्षं मागच्या ओळीत बसून टाळ वाजवते. या वर्षी गणपतीच्या कार्यक्रमासाठी मंडळात गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तिला एकटीला एक अख्खा अभंग दिला. आईने तिथे "इश्श, मला कशाला" केलं आणि घरी येऊन पाय धुवायच्या आधी साडी ठरवली. बाईंनी तिच्या छोट्या म्युझिक प्लेअरमध्ये सराव भरून दिला होता. बाई एक ओळ म्हणणार, मग तेवढीच जागा मोकळी, त्यात आईने तीच ओळ म्हणायची. मोबाइलवर हे जमत नव्हतं, कारण देपालपूरच्या मावशीचा फोन नेमका दुसऱ्या कडव्याला यायचा.

पंचाईत अशी, की वैशाली विजय नगरमधल्या एका कंपनीत आहे आणि आठवड्यातले तीन दिवस घरून काम करते. प्लेअर लागला की तिच्या मीटिंगमध्ये तबला वाजायचा. सासू आणि सून दोघीही समजूतदार, त्यामुळे कोणी काही बोलत नव्हतं आणि घरात नको तितकी शांतता पसरली होती.

"हेडफोन," मी जाहीर केलं. "बजेट हजार रुपये. रविवारी जाऊ."

मधले चार दिवस मी अभ्यास केला. वहीत तक्ता आखला, त्यात रकाने पाडले, लाल पेनाने शेरे मारले. निष्कर्ष निघाला: कान पूर्ण झाकणारे, जाड गादीचे हेडफोन. बाहेरचा आवाज आत येता कामा नये आणि आतला बाहेर जाता कामा नये. वैशालीने तक्ता पाहिला आणि भाजी चिरायला गेली.

रविवारी जेल रोडवरच्या एका दुकानात गेलो. आई बरोबर होतीच. इंदूरात आम्ही शेवसुद्धा मूठभर चाखल्याशिवाय घेत नाही, तर हेडफोन न लावता कसे घेणार!

दुकानदाराने आईकडे पाहिलं, तिच्या हातातला प्लेअर पाहिला आणि विचारलं, "अम्माजी को साथ में गाना भी है क्या?"

"हां, रियाज करना है," आई म्हणाली.

"तो भिया, ये हल्के वाले ले जाओ. स्पंज के. सस्ते भी हैं, और अपनी खुद की आवाज भी सुनाई देती रहेगी."

पहिल्या वर्षाच्या मुलाकडे पाहून हसावं तसा मी हसलो आणि त्या स्पंजमधून आवाज कसा गळतो ते त्याच्याच बिलबुकाच्या मागे आकृती काढून समजावलं. त्याने दहा मिनिटं ऐकून घेतलं.

"सरजी, हो गया?" त्याने विचारलं आणि जाड गादीचे काढून दिले.

इथे आम्हा इंदूरच्या मराठी लोकांची एक सवय सांगितली पाहिजे. दुकानात भाव करायची वेळ आली की आम्ही आपसात मराठीत बोलतो, दुकानदाराला कळू नये म्हणून. हे दुकानदार आमच्या आज्यांच्या काळापासून आम्हाला माल विकतायत. त्यांना सगळं कळतं. त्यांना कळतं हे आम्हालाही कळतं. तरी बोलतो.

आईने हेडफोन चढवले, मी प्लेअर सुरू केला. तिचा चेहरा फुलला. आणि त्याच फुललेल्या चेहऱ्याने ती मला गुपचूप म्हणाली (गुपचूप, असं तिला वाटलं, शेजारच्या तीन दुकानांतले लोक वळून बघायला लागले), "मस्त आहेत रे! पण तू तोंड वाकडं कर. उठून जायचं नाटक केलं की हा शंभर-दोनशे कमी करून देईल."

"काकू, बसा," दुकानदार शुद्ध मराठीत म्हणाला. "शंभर कमी करतो."

"काय म्हणून राहिलाय हा?" आईने मला त्याच आवाजात विचारलं.

कान बंद झाले की माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. हे मी बावीस वर्षं शिकवतोय. त्या दिवशी ते माझ्यासमोर प्रत्यक्ष घडलं, आणि मी शंभर रुपये वाचले या आनंदात हेडफोन पिशवीत टाकून घरी आलो.

सोमवारी मला सुट्टी होती. अकरा वाजता वैशालीची मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग सुरू झाली. आई खोलीत हेडफोन लावून बसली. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मी विजयी मुद्रेने चहाचा पहिला घोट घेतला आणि खोलीतून अभंगाची एक ओळ आली. खड्या आवाजात. मग शांतता, बरोब्बर एका ओळीची. मग पुन्हा ओळ, आधीपेक्षा वर.

आधी प्लेअर उघडा वाजायचा तेव्हा बाईंचा आवाज असायचा, तबला असायचा, आई त्यांच्या आडोशाने गुणगुणायची. आता बाई गेल्या, तबला गेला, तंबोरा गेला. उरली फक्त आई. संगीत तेवढं मी यशस्वीपणे बंद केलं होतं.

लॅपटॉपमधून साहेबांचा आवाज आला, "वैशालीजी, घर पे सब ठीक है?"

तेवढ्यात बेल वाजली. दारात वरच्या मजल्यावरच्या शर्मा भाभी, हातात गरम पाण्याची पिशवी. "भाईसाब, अम्माजी गिर गईं क्या? रुक-रुक के आवाज आ रही है."

"गा रही हैं," मी म्हणालो.

आतून पुढची ओळ आली. भाभींनी ती शेवटपर्यंत ऐकली, "अच्छा" म्हणाल्या आणि पिशवी आमच्याकडेच ठेवून गेल्या.

संध्याकाळी वैशाली म्हणाली, "ते हलके वाले बदलून आण ना. दिक्कत काय आहे?"

दिक्कत ही, की त्या दुकानदारासमोर जायचं! बिलबुकाच्या मागे माझी आकृती अजून असणार. मी म्हणालो, "बदलायची काही गरज नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. आई, तू नुसतं ऐकायचं आणि ओळ मनातल्या मनात म्हणायची. मोठे गवई असाच रियाज करतात." (कोणते गवई, ते मला आजही माहीत नाही.)

आईने हेडफोन हातात उलटसुलट करून पाहिले. "चालेल ना रे नक्की? वीस वर्षांत एकदाच मिळालंय मला."

"आई," मी म्हणालो, "आवाज हा माझा विषय आहे."

पुढचे दहा दिवस घर सुखात होतं. आई डोळे मिटून बसायची, ओठ हलायचे, हात मांडीवर ठेका धरायचा आणि कुठेही काही ऐकू यायचं नाही. माझी पद्धत मी स्टाफरूममध्ये दोघांना सांगितलीसुद्धा.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. आई हिरवी महेश्वरी नेसून माइकसमोर बसली. पेटीने सूर दिला, तबल्याने ठेका धरला. आईने डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

आवाज नाही.

पेटीवाल्याने पहिली ओळ वाजवून आईकडे पाहिलं. ओठ हलतच होते, चेहऱ्यावर तेच घरचं समाधान. लोक भिंतीवरच्या स्पीकरकडे बघायला लागले. मंडळाचे सेक्रेटरी दिघेकाका माझ्या कानाशी लागले, "माइक गेला वाटतं."

"मी बघतो," म्हणत मी उठलो.

अडाणी माणूस माइकवर टिचक्या मारतो. जाणकार थेट ॲम्प्लिफायरकडे जातो. मी गेलो, दोन वायरी उपसल्या आणि उलटसुलट करून पुन्हा खुपसल्या. स्पीकरमधून एक किंकाळी आली, लाल दिवा विझला आणि काहीतरी जळाल्याचा वास सुटला. मी घाईने दोन्ही वायरी पुन्हा उपसल्या. तबला थांबला. आईने डोळे उघडले.

"काय रे, मध्येच का आलास? दुसरं कडवं झालं की माझं!"

हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं, माइकशिवाय. मागून शर्मा भाभी म्हणाल्या, "अम्माजी, पहला भी सुना दो ना." हॉल हसला.

आईने लोकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या वायरीकडे. तिला सगळं समजलं. मला मात्र त्या क्षणी खरंच भीती वाटली. वीस वर्षं टाळ वाजवून मिळालेली एकुलती एक संधी, आणि ती मी हुशारीने घालवली होती.

"माइक बंद पडलाय, आई."

"तुझ्या हातून?"

"हो."

"बरं. मग बाजूला हो."

आणि आई गायली. त्या सोमवारच्या आवाजात, दहा दिवसांचं कोंडलेलं सगळं बाहेर काढून. आता तिचं तिला ऐकू येत होतं, त्यामुळे सूरही जागेवर होते. चारही कडवी झाली. शेवटच्या कडव्याला मागच्या ओळीतल्या टाळवाल्या बायका आपणहून उभ्या राहिल्या. मला भरून आलं, पण दोन्ही हातांत वायरी होत्या, डोळे पुसता आले नाहीत.

आभार मानताना दिघेकाका म्हणाले, "आणि ध्वनिव्यवस्था बंद ठेवल्याबद्दल सरांचे विशेष आभार."

पुढच्या रविवारी आई एकटीच जाऊन ते हलके, स्पंजचे हेडफोन घेऊन आली. दुकानदाराने न मागता भाव कमी केला म्हणे. जाड गादीचे मात्र वाया गेलेले नाहीत. ते वैशालीच्या टेबलावर असतात, आणि मी घरात ध्वनी या विषयावर बोलायला सुरुवात केली की ती शांतपणे ते कानावर चढवते. एक अक्षर आत जात नाही. माझी निवड अचूक होती, हे मी तिला रोज सांगतो.