ऊजमबेनने सोडलेली पाणीपुरी

चरोतर किराणा या दुकानात ऊजमबेन पटेल यांच्या हातची पाणीपुरी खाण्यासाठी शनिवारी इतकी गर्दी होई की रांगेचे शेपूट थेट तूरडाळीच्या पोत्यांपर्यंत पोहोचे. परंतु ती पाणीपुरी स्वतः ऊजमबेनच्या तोंडी चौदा महिने गेली नव्हती. याचे कारण आधी सांगितले पाहिजे, कारण त्याच कारणात त्यांची सारी गोष्ट आहे.

ऊजमबेन मूळच्या पेटलादजवळच्या एका खेड्यातल्या. शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीच्या वर्षी घरात म्हैस व्याली, तिच्यामागे कोणीतरी राहणे भाग होते, म्हणून मुलीचे दप्तर खुंटीला लागले. पन्नाशीत असताना भावाने कागदपत्रे करून त्यांना आणि त्यांचे पती शिवाभाई यांना न्यू जर्सीत एडिसनला आणले. शिवाभाई एका गोदामात खोकी बांधू लागले. ऊजमबेन घनश्यामभाईंच्या या दुकानात, लोणच्याच्या बरण्यांच्या पलीकडे असलेल्या चाटच्या ठेल्यामागे उभ्या राहिल्या, त्या उभ्याच आहेत.

मागे राहिली एकुलती एक मुलगी जागृती. ती लग्न होऊन बोरसदला नांदत होती. लग्न झालेल्या मुलीला बोलवायचे तर आईबापांपैकी एकाने आधी या देशाचे नागरिक झाले पाहिजे, असा येथील कायदा आहे. शिवाभाईंना अक्षराचे वावडे. तेव्हा ऊजमबेननेच कंबर कसली. अर्ज केल्यावरही मुलीला बारा-पंधरा वर्षे वाट पाहावी लागणार होती, हे त्यांना सर्वांनी समजावले. त्या म्हणाल्या, "रांग मोठी असली म्हणून कोणी घरी जातं का? आधी रांगेत नाव तर लागू दे."

ज्या दिवशी नागरिकत्वाचा अर्ज टपालात टाकला, त्या दिवशी त्यांनी गल्ल्यामागच्या तसबिरीतील रणछोडराय कृष्णापुढे हात जोडून नवस बोलला. प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत पाणीपुरी वर्ज्य.

गल्ल्यावर बसणारी निरंजना ते ऐकून उडालीच. "अगं बाई, दुसरं काहीतरी सोड की! वांगं सोड. पाणीपुरीवालीनंच पाणीपुरी सोडली तर चव कोण बघणार?"

"वांगं मला आवडत नाही," ऊजमबेन म्हणाल्या. "नावडतं सोडून देवाला फसवू होय?"

आपल्या माणसाने नवस बोलला की त्याला एकट्याने तो वाहू द्यायचा नाही, अशी त्या दुकानातली रीत. संध्याकाळपर्यंत निरंजनाने बेसनाचे गाठिया सोडले. मालक घनश्यामभाई दिवसाला नऊ कप चहा पिणारे. त्यांनी छातीवर दगड ठेवून चहा सोडला. अंबुकाका नावाचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ दुकानात रोज तांदळाच्या गोण्यांवर बसायला येत. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि खणखणीत आवाजात जाहीर केले, "मी कारलं सोडलं!"

"काका, तुम्ही जन्मात कधी कारलं खाल्लंय का?" निरंजनाने विचारले.

"नसेल खाल्लं. पण आता खावंसं वाटलं तरी खाता येणार नाही ना! त्याग तो त्याग."

असा त्याग करून अंबुकाकांचे समाधान झाले नाही. त्यांनी ऊजमबेनच्या पाण्याची चव पाहण्याचे कामही अंगावर घेतले. रोज सकाळी पुदिन्याचे पाणी तयार झाले की ऊजमबेन डावभर पाणी त्यांच्यापुढे धरीत. काका तोंडातली सुपारी गालात सारून एक घोट घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "छान. पण पादेलोण थोडं अजून." ऊजमबेन विश्वासाने आणखी चिमूटभर टाकीत.

परीक्षेची तयारी ठेल्यावरच चालली. ऊजमबेनना 'मासी', म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांनीच पायंडा पाडला होता. प्लेटीत सहा पुऱ्या, म्हणून प्रत्येक पुरीमागे एक प्रश्न. दहापैकी सहा उत्तरे बरोबर आली की माणूस पास होतो, हे सर्वांना ठाऊक झाले होते.

"सिनेटर किती, मासी?"

"शंभर. तिखट किती?"

"मध्यम. पूर्वेचा समुद्र कोणता?"

"अटलांटिक. तोंड मोठं उघड, नाहीतर सदऱ्यावर सांडेल."

तोंडी उत्तरे त्यांना अशी पाठ झाली की झोपेतही चुकत नसत. वाचनही जमले. दर मंगळवारी ग्रंथालयात मोठ्या माणसांचा वर्ग भरे, तेथे त्या पहिल्या बाकावर बसत आणि गृहपाठ न चुकता करीत. अडचण होती ती लिहिण्याची. त्यांच्या अंगठ्याला सवय पुरी फोडण्याची. लेखणी हाती आली की तोच अंगठा तिच्यावर बसे.

मुलाखतीच्या दिवशी नेमके तेच झाले. अधिकाऱ्याने इंग्रजीतले एक वाक्य सांगितले आणि लिहायला लावले. ऊजमबेनने लेखणी टेकली, अंगठा दाबला आणि कागद टरकन फाटला. दुसरा कागद दिला, तोही भोसकला. तिसऱ्या वेळी कागद फाटेल या धास्तीने त्यांनी लेखणी नीट टेकवलीच नाही, एकही अक्षर उमटेना. अधिकारी भला होता. त्याने पाणी दिले आणि सांगितले, "बाकी सर्व उत्तम आहे. लेखनासाठी पुन्हा एकदा बोलावू." परंतु ती शेवटची संधी होती. त्यातही चुकले तर अर्ज रद्द, आणि सारे पुन्हा पहिल्यापासून.

दुकानात परत आल्यावर त्यांना सर्वांत जास्त वाईट वाटले ते घनश्यामभाईंचे. ते कोमट पाण्यात आले टाकून पीत उभे होते. त्यांनी तोंड वाकडे करीत पेला रिकामा केला.

"भाई, तुम्ही चहा सुरू करा," ऊजमबेन खाली मान घालून म्हणाल्या. "माझ्या पायी किती दिवस?"

"गप बस," घनश्यामभाई म्हणाले. "दहा-अकरा महिने काढले, अजून दोन काढीन. फक्त सकाळी दहाच्या आत माझ्याशी कोणी बोलू नका."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ऊजमबेन दहीपुरीवर चिंचेची चटणी सोडीत होत्या. चटणीची प्लास्टिकची बाटली हातात, बोटांचा दाब अगदी हलका, आणि चटणीची बारीक धार दह्यावर सापासारखी वळत चाललेली. त्या एकाएकी थांबल्या आणि आपल्याच हाताकडे पाहत राहिल्या. हाच तो हात. सात वर्षे बाटली धरतो आहे, एकही पुरी कधी फुटली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी चटणीने लिहायला सुरुवात केली. शेवपुरीची प्लेट मांडायची, पुऱ्यांवरून चिंचेच्या चटणीने इंग्रजी शब्द काढायचा, गिऱ्हाइकाला वाचायला लावायचा, बरोबर आहे म्हणाला की वरून शेव भुरभुरायची. लहान शब्द एका पुरीवर मावे. मोठ्या शब्दाला सगळी प्लेट लागे.

"मासी, माझ्या प्लेटीत अर्धाच शब्द आलाय!"

"उरलेला तुझ्या बायकोच्या प्लेटीत आहे. शेजारी शेजारी बसून खा, तेवढीच सोबत."

अंबुकाका गोण्यांवरून कुरकुरत, "आज मी अख्खा 'प्रेसिडेंट' खाल्ला. पोटाला जड गेला."

दोन महिन्यांत ऊजमबेनने कागदही काबूत आणला. लेखणी बाटलीसारखी धरायची, एवढेच त्यांनी मनाशी ठरवले होते.

मुलाखतीचा दिवस उजाडला तेव्हा शिवाभाईंनी गोदामातून रजा घेतली आणि त्यांना गाडीने नेवार्कच्या कचेरीत नेले. निघताना निरंजनाने बजावले, "सुटल्याबरोबर फोन कर." ऊजमबेन म्हणाल्या, "फोनवर नाही सांगणार. जे असेल ते तोंडानं सांगेन."

या वेळी समोर एक उंच अधिकारीबाई होत्या. त्यांनी वाक्य सांगितले. नागरिकांना मत देता येते, अशा अर्थाचे. ऊजमबेनने क्षणभर डोळे मिटले. समोरचा पांढरा कागद त्यांना दह्यासारखा दिसला. त्यांनी लेखणी हलकी धरली आणि एकेक अक्षर सोडत गेल्या. कागद फाटला नाही. वाक्य पुरे झाले, आणि तोपर्यंत तल्लीन झालेला त्यांचा उजवा हात सवयीने वर गेला, बोटे जुळली आणि त्यांनी कागदावर नसलेली शेव भुरभुरली.

"हे काय करता आपण?" बाईंनी विचारले.

"काही नाही," ऊजमबेन गडबडून म्हणाल्या. "पूर्ण झालं."

बाईंनी वाक्य वाचले, कागदावर खूण केली आणि हसून हात पुढे केला. शपथविधी त्याच दिवशी दुपारी होता. एका मोठ्या खोलीत नाना देशांची माणसे उजवा हात वर करून उभी राहिली. त्यांत पिवळ्या बांधणीतल्या ऊजमबेनही होत्या. शिवाभाई मागच्या खुर्चीवर बसून सगळा वेळ डोळे पुसत होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला गुजरातीतून सांगत होते, "माझी बायको आहे ती. दुसरी पास."

पाच वाजता दोघे दुकानात शिरले. ऊजमबेनचा चेहरा कोऱ्या पाटीसारखा. गिऱ्हाइकांच्या हातांत तोंडलीच्या पिशव्या तशाच राहिल्या. ऊजमबेन थेट गल्ल्यामागे गेल्या, पिशवीतून एक जाड कागद काढला, तो रणछोडरायाच्या तसबिरीपुढे ठेवला आणि डोके टेकले.

निरंजनाने मान लांबवून कागदावरचा फोटो पाहिला आणि अशी किंकाळी फोडली की मागच्या खोलीत दळण मोजणारा माणूस धावत बाहेर आला.

"चहा!" घनश्यामभाई ओरडले. "अरे कोणीतरी चहा टाका! आलं नको, आल्याचं नाव काढू नका!"

निरंजनाने गाठियाची पिशवी दातांनी फोडली. परंतु खाल्ले कोणीच नाही. जिचा नवस, तिने आधी फेडावा. रांगेतल्या लोकांनी ऊजमबेनना ठेल्याच्या पुढच्या बाजूला उभे केले. तेथे त्या आजवर कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. निरंजना मागे गेली. तिने पहिली पुरी फोडताना तिचा चुरा केला, दुसरीही मोडली. तिसरी कशीबशी शाबूत राहिली. तीत रगडा भरून, पाण्यात बुडवून, तिने ती ऊजमबेनच्या तोंडात घातली.

सर्वांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे. ऊजमबेनने पुरी चावली. भुवया वर गेल्या, मग जवळ आल्या. मोठ्या कष्टाने त्यांनी घोट गिळला.

"हे काय आहे?"

"तुझंच पाणी आहे," निरंजना म्हणाली. "सकाळी तूच करून गेलीस."

"यात पादेलोण आहे का पादेलोणात हे आहे? आणि हे तुम्ही चौदा महिने पिताय? एकानंही तोंड उघडलं नाही?"

"उघडलं की," रांगेतून एकजण म्हणाला. "उघडलं म्हणूनच तर पुरी आत गेली."

सर्वांच्या नजरा तांदळाच्या गोण्यांकडे वळल्या. अंबुकाका घाईघाईने सुपारी गिळत होते. "माझ्याकडे काय बघता? माझ्या जिभेला जेवढं लागलं तेवढं सांगितलं."

"काका, तुमची जीभ सुपारीनं कातडं झालीये!" ऊजमबेन कपाळावर हात मारून म्हणाल्या. "उद्यापासून पाणी पहिल्यासारखं करते. सगळ्यांनी माफ करा."

तेव्हा रांगेत अनपेक्षित गलबला झाला. "नाही हं, मासी! ते बदलू नका." "आम्ही फिलाडेल्फियाहून येतो ते याच पाण्यासाठी." "पहिलं फिकं होतं!"

"फिकं?" ऊजमबेनना हा घाव नवीन होता. "माझं पाणी फिकं?"

घनश्यामभाईंच्या हातात एव्हाना चहाचा पेला आला होता. ते ठेल्याजवळ आले. "भांडता कशाला? आता इथं सगळे नागरिक आहेत. मतं घ्या. जुनं पाणी कोणाला हवं?"

ऊजमबेनने स्वतःचा हात वर केला. शिवाभाईंनी बायकोच्या धाकाने अर्धा केला. "आणि हे पाणी?" असे विचारताच दुकानभर हात वर झाले. भेंडी निवडणारी एक बाई तर दोन्ही हात वर करून उभी राहिली. नागरिक झाल्यापासून तीन तासांच्या आत ऊजमबेनने आपले पहिले मत दिले आणि त्या सपशेल हरल्या.

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "बरं," त्या म्हणाल्या, "ठरलं ते ठरलं." मग ठेल्याच्या मागे आपल्या जागी जाऊन त्यांनी निरंजनाला बाजूला केले, अंगठ्याने एक पुरी फोडली, त्या खारट पाण्यात बुडवली आणि पुन्हा तोंडात टाकली. या वेळी तोंड वाकडे झाले नाही. थोडा वेळ विचार करून त्यांनी तिसरीही खाल्ली. मग त्या खुदकन हसल्या. तेव्हा कोठे घनश्यामभाईंनी चहाचा पहिला घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच रात्री बोरसदला फोन गेला. जागृती सुरुवातीला फक्त रडली, मग आईने विचारले, "तुझा जन्मदाखला कुठं ठेवलायस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊजमबेन ठेल्यावर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक डबा होता. तो त्यांनी अंबुकाकांच्या मांडीवर ठेवला. काकांनी झाकण उघडले. आत खोबरे, तीळ आणि दाण्याचे कूट भरलेली सहा हिरवीगार कारली.

"हे कशाला?" काका मागे सरकत म्हणाले.

"नवस फिटला ना," ऊजमबेन अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या. "सोडलेलं खायलाच पाहिजे, नाहीतर देव रागावतो. त्याग तो त्याग, काका."

गल्ल्यावरून निरंजना, ठेल्यापुढून गिऱ्हाइके आणि चौथा चहा हातात घेतलेले घनश्यामभाई, सारेजण पाहत उभे राहिले. अंबुकाकांनी चहूकडे नजर फिरवली. सुटकेची वाट दिसेना. त्यांनी सुपारी गालात सारली, डोळे मिटले, एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

"छान," ते म्हणाले. "पण पादेलोण थोडं अजून."