आईचा रुपया आणि मंजनभाई

फोन आला तेव्हा मी कळण्याच्या भाकरीचं पीठ मळत होते. हात भरलेले, म्हणून सुनेला म्हटलं, "घे गं तू." तिनं घेतला, ऐकला आणि माझ्याकडे बघत नुसती उभी राहिली. माझा स्वभाव मुळातच तापट. मी ओरडले, "अगं, बोल की!" तेव्हा म्हणाली, "आई... दिनकरकाका गेले." पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, बाकावर बसल्या बसल्या गेले. डबा उघडलासुद्धा नव्हता. तो डबा सकाळी मीच भरून दिला होता. आज याला पाच आठवडे झाले, तरी सकाळी दोन डबे काढते आणि एक परत ठेवते.

दिनकर भावजी माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन सुरतेच्या लिंबायतीत आले तेव्हा ते लूमवर नुकते लागले होते. लग्न त्यांनी केलं नाही, आमच्याच घरात माळ्यावरच्या खोलीत राहिले. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचे, ते दिवसभर तेलाच्या हातांनी यंत्रं दुरुस्त करायचे. आणि घरी आले की जुनी नाणी! भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, बडोद्याच्या गायकवाडांचं तांब्याचं नाणं... मला वाटायचं, काय हा पोरखेळ. माणसानं भांडीकुंडी जमवावीत, ही काळी पडलेली चिल्लर कशाला?

पण त्यांची शिस्त बघण्यासारखी होती. कामावरून आले की साबणानं तीनदा हात धुवायचे, कोरडे होईपर्यंत कशाला शिवायचे नाहीत. मग गोधडीची चौघडी घालायची आणि तिच्यावरच नाणं धरायचं, म्हणजे सुटलंच तर मऊ पडेल. धरायचं ते कडेनं, दोन बोटांत. मी वाकून काही विचारलं की म्हणायचे, "वहिनी, नाण्यावर बोलू नका, थुंकी उडते." मला असा राग यायचा! जसं काही मी बोलताना शिंतोडेच उडवते. आमच्या घराखाली तेव्हा लूम चालायचे, सगळी इमारत थरथरायची. डब्यात नाणी एकमेकांवर घासतात म्हणून ते प्रत्येक नाणं वेगळ्या कापडात गुंडाळायचे. कापडही लूमवरचं कोरं चालायचं नाही, त्याला कांजी असते म्हणून आधी चारदा धुवून घ्यायचे. एकदा हौसेनं मऊ प्लास्टिकच्या खणांचा अल्बम आणला आणि पावसाळाभर त्यात नाणी ठेवली. दिवाळीपूर्वी उघडला तर तांब्याचे पैसे हिरवे, चिकट झालेले. त्या दिवशी भावजी जेवले नाहीत. पुढे कोणाच्या तरी ओळखीनं कागदी पाकिटं आली, साड्यांच्या पार्सलातल्या ओल शोषणाऱ्या पुड्या आल्या, आणि नाणी सुखरूप झाली.

या सगळ्यांत एक नाणं वेगळं होतं. आईचा रुपया. माझ्या सासूबाई अमळनेरकडून सुरतेला आल्या तेव्हा पदराच्या गाठीत हा चांदीचा रुपया बांधून आल्या होत्या. त्या गेल्यावर तो भावजींकडे आला. इतक्या वर्षांत त्यावर निळसर काळी झाक चढली होती. दर लक्ष्मीपूजनाला भावजी तो स्वतः आणायचे, विड्याच्या पानावर ठेवायचे, हळदीकुंकू लांबूनच दाखवायचे आणि पूजा झाली की परत न्यायचे. एका दिवाळीला त्यांना ओव्हरटाइम होता, म्हणून रुपया मी काढला. आणि पहिल्यांदाच जवळून बघते तर काय, हा काळा ठिक्कर! माय वं! लक्ष्मीपुढे असा ठेवायचा? आपल्याकडे चांदी दंतमंजनानं उजळतात, हे मला लहानपणापासून ठाऊक. मी मंजन घेतलं, जुना ब्रश घेतला आणि मोरीत बसून अर्धा तास घासला. असा लखलखला म्हणून सांगू! पुण्यकर्म केल्यासारखा आनंद झाला मला.

संध्याकाळी भावजी आले. पाटावर बघितलं आणि चेहरा पांढराफटक पडला. मी विचारलं, "काय हो, काय झालं?" ते आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाले, "काही नई व्हयनं, वहिनी." आरतीला टाळ्यासुद्धा वाजवल्या त्यांनी. मी अडाणी, मला वाटलं माणूस दमलाय.

पुढे तीनेक वर्षांनी त्यांच्या नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं. त्यांच्याबरोबर मीही गेले. काय ठेवायचं ते ठरताना मीच हट्ट धरला, "अहो, ती काळी चिल्लर काय दाखवता? आईचा रुपया ठेवा की, कसा चमकतोय!" ते नाही म्हणाले, मी ऐकलं नाही. मंडळातले सगळ्यांत जुने सभासद, एक गुजराती काका, भिंग घेऊन टेबलाशी आले. रुपया कडेनं उचलला, उजेडात फिरवला आणि म्हणाले, "दिनकरभाई, आ कोणे घस्यो? चांदी रही, रुपियो मरी गयो." कुणी घासला म्हणे, चांदी राहिली पण रुपया मेला! बारीक ओरखड्यांनी नाण्यावरचा चेहरा पुसट झालाय, हे त्यांनी सगळ्यांना भिंगातून दाखवलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात भावजी हसून म्हणाले, "में ज घस्यो, काका. मंजनथी. बुद्धि फरी गई हती." सगळे हसले. नाणं कसं धरावं, कसं ठेवावं, हे नवख्यांना शिकवणारा माणूस, आणि त्यानंच आईचं नाणं मंजनानं घासलं! त्या दिवसापासून मंडळात त्यांचं नाव पडलं मंजनभाई.

परतताना रिक्षात मी रडले. रडता रडता भांडलेसुद्धा, "खोटं का बोललात? आणि त्या दिवाळीला मला का नाही झापलंत?" ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही शाळेच्या बाई. चारचौघांत तुम्हाला कोणी मूर्ख म्हटलेलं मला चाललं असतं का? आणि आईचा रुपया तुम्ही देवापुढे उजळावा म्हणून घासलात. आईनंही घासलाच असता." मी म्हटलं, पुढच्या बैठकीला येऊन खरं सांगते. "सांगा की," म्हणाले. पण मी गेले नाही. आज शाळेची परीक्षा, उद्या पाहुणे... खरं म्हणजे लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आयुष्यभर पोरांना खरं बोलायला शिकवलं आणि स्वतः मात्र पंधरा वर्षं गप्प राहिले. भावजींनी एकदाही आठवण करून दिली नाही. उलट रविवारी मला गोधडीशी बसवून नाणं धरायला शिकवलं.

मागच्या पंधरवड्यात मंडळानं शोकसभा घेतली. सगळे फार प्रेमानं बोलले. ते काका आता खूप थकलेत, तरी उठून उभे राहिले आणि म्हणाले की दिनकरभाईसारखा जपणारा हात सुरतेत नाही, आयुष्यात चूक केली ती एकच, म्हणून तर आपले मंजनभाई. सगळे ओल्या डोळ्यांनी हसले. मी पुढच्याच रांगेत होते. उठायला हवं होतं. मूग गिळून बसले. माणूस गेल्यावरही माझी चूक त्याच्या नावावर राहू दिली मी.

घरी येऊन माळ्यावर गेले. नाण्यांचा डबा भावजींनी माझ्या स्वाधीन करायला सांगून ठेवलं होतं. आईच्या रुपयाचं कागदी पाकीट शोधलं. त्यावर त्यांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, "आईचा रुपया. दिवाळीत घासला गेला. चूक माझी." मी तिथेच खाली बसले आणि हमसून हमसून रडले. अहो, निदान घरातल्या पाकिटावर तरी खरं लिहायचं होतं!

मग उठले. हात धुतले, वाळू दिले, गोधडी पसरली. पाकिटात नाणं असताना वर लिहू नये, दाब पडतो, म्हणून रुपया कडेनं धरून आधी बाहेर काढून ठेवला. खोडरबर घेतलं, पण त्यांचं अक्षर पुसवेना. घासून पुसून एकदा जे करायचं ते करून बसले होते. शेवटी त्यांच्या ओळीखाली पेन्सिलीनं लिहिलं, "वरचं खोटं आहे. घासला मी." खाली पूर्ण सही केली.

येत्या रविवारी मंडळाची बैठक आहे. हे पाकीट मी काकांच्या हातात देणार आहे. म्हणणार आहे, काका, तुम्ही म्हणालात ती एक चूकही माझ्या दिरांची नव्हती. नाव ठेवायचंच असेल, तर आजपासून मला मंजनबेन म्हणा.