स्तोयांकाची बादली

स्तोयांका अकरा वर्षं आमच्या शाळेत स्वयंपाकीण होती. राजधानीत, सोफियाला जाऊन शिकायला वेळ कुठला? म्हणून राजम्याचं सूप ढवळता ढवळता मोबाइलवर व्याख्यानं ऐकून तिने ऑनलाइनच शिक्षिकेची पदवी मिळवली. मी गणिताची बाई. "ओगराळ्याने पाढे शिकवणार वाटतं?" मी चिडवायचे.

"तुझ्या पट्टीपेक्षा बरं. निदान पोट तरी भरतं," ती म्हणायची.

शाळेच्या पहिल्या दिवशी मुलं आपापल्या बाईंना फुलं आणतात. ती ठेवायला यंदाही स्तोयांका सवयीने पाण्याची बादली घेऊन दारात उभी. पहिलीतली एक चिमुरडी डेलियाचा गुच्छ घेऊन समोर आली.

"कुठल्या बाईंना गं?"

"तुम्हाला."

स्तोयांका दोन्ही हातांनी बादलीच धरून होती.

"बादली द्या इकडे, बाई," मी म्हटलं. "वर्ग खोळंबलाय."