राणी कोंडी काय बोलली

कर्जतच्या बाजारात कोंडी निरगुडेशी घासाघीस करायला फारसं कुणी धजावत नाही. ठाकुरवाडीच्या वरच्या पाड्यावरून ती शेवळं, कंटोळी, करवंदं, जंगल जे देईल ते घेऊन उतरते आणि आपल्या ठरलेल्या जागी पाटी मांडून बसते. ही जागा तुझी कशी, असं एका नव्या शिपायानं तिला विचारलं होतं. "मी बसते म्हून," कोंडी म्हणाली. शिपाई पुढच्या पाटीकडे वळला.

नवरा गेला तेव्हा तिची लेक ललिता अजून रांगत होती. दुसरं लग्न कर म्हणून पाड्यानं तगादा लावला. कोंडीनं लग्न केलं नाही, पाटी डोक्यावर घेतली. ललिताला बारावीपर्यंत शिकवलं. आता ललिता कुंभिवलीच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते आणि महिन्यातून दोनदा आईला सांगते, की आता बाजार सोड. कोंडी ऐकल्यासारखं करते आणि सकाळी निघते. तिचा आवाज असा, की या डोंगरावरून हाळी घातली तर पलीकडच्या डोंगरावरचा गुराखी ओ देतो. बाजारात हाच आवाज लोकांना भांडखोर वाटतो. वाटू दे, असं तिचं म्हणणं.

तिच्या नेमाच्या गिऱ्हाइकांतले एक अजेय गुप्ते. इंग्रजीचे निवृत्त शिक्षक, दहिवलीला तीन पिढ्यांचं घर. शेवळांचा मोसम आला की पिशवी घेऊन पहिले हजर, आणि शेवळांची खाज मारणारी काकडं त्यांच्याबरोबर फुकट हवीत म्हणून दरवर्षी वाद घालणार. कोंडी दरवर्षी नाही म्हणते आणि दरवर्षी मूठभर टाकते. तरुणपणी ते मुलांना घेऊन डोंगरात फिरायला यायचे, त्यामुळे पाडाही त्यांच्या ओळखीचा.

तर हे गुप्ते एके दिवशी पिशवीऐवजी पुस्तक घेऊन आले.

"कोंडी, तुला मी पुस्तकात घातलंय," ते म्हणाले. त्यांनी कादंबरी लिहिली होती, अंतराळातल्या लढाईची. पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. "हे बघ. राणी कोंडी. एका अख्ख्या ग्रहाची राणी. रविवारी वाचनालयात कार्यक्रम आहे, तू ये. तुझा सत्कार करायचाय."

कोंडीला वाचता येत नाही, पण आपलं नाव कसं दिसतं ते ललितानं तिला शिकवलेलं. ते तिथं होतं. खोटं कशाला सांगायचं, ती हरखली. पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं पाटीत सगळ्यात वर ठेवलं आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं. शेजारच्या सुकट विकणारीनं विचारलं, "कुठली गं राणी तू?" कोंडीनं नुसतं वर आभाळाकडे बोट केलं. त्या दिवशी तिनं काकडं सगळ्यांनाच फुकट दिली.

ललिताला सुट्टी मिळाली तशी दुपारी ओट्यावर वाचन सुरू झालं. पाडा जमला. कोंडीचा भाऊ धाऊ पुढे बसला, कारण पुस्तकात तोही निघाला होता, राणीचा सेनापती म्हणून. त्यानं मिशीला तेल लावलं होतं.

पहिल्याच प्रकरणात कप्तान विराजचं यान एका हिरव्या ग्रहावर, या पाड्यासारख्याच वस्तीपाशी उतरलं. यानातलं पाणी संपलेलं. यानात एक यंत्र होतं, त्याचं नाव दुभाष्या. विश्वातल्या सगळ्या भाषा त्याला येत. समोरून राणी कोंडी आली. ललिता वाचत होती, "राणीनं तोंड उघडलं. तिच्या घशातून दगडावर दगड घासल्यासारखा आवाज निघाला. दुभाष्या म्हणाला, ती म्हणते आहे, हे पाणी आमचं आहे, मागे फिरा. विराजनं तोफांकडे पाहिलं." ललिताचा आवाज उतरला. तिनं दोन पानं एकदम उलटली.

"गाळू नको गं," कोंडी म्हणाली. "वाच."

मग ललितानं सगळं वाचलं. धाऊ चौथ्या प्रकरणात मेला, तोही पळताना, पाठीत वार होऊन. ओट्यावरच्या धाऊनं मिशीवरचा हात काढला. जंगल जळालं, नद्या विराजच्या टाक्यांत गेल्या आणि शेवटी राणी गुडघ्यांवर आली. विराजनं ग्रहावर झेंडा लावला, पुस्तक संपलं.

मग धाऊच म्हणाला, "जाऊ दे गं. गोष्ट हाय ती."

कोंडीला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. अख्ख्या बाजाराला आपण हे मिरवून दाखवलं, याची तिला लाज वाटत होती. पण ती वेगळंच बोलली. "ललिता, त्याला मी काय बोलले?"

"आये, लिवलंय ना. पानी आमचं हाय, मागं फिरा."

"ते त्या मशिनीनं सांगितलं. मी काय बोलले?"

ललितानं पान पुन्हा काढलं, पुढचं पाहिलं, मागचं पाहिलं. "नाय लिवलं," ती म्हणाली. "दगडाचा आवाज, येवढंच हाय."

"आख्ख्या पुस्तकात?"

"आख्ख्या पुस्तकात."

झालं. त्या क्षणापासून कोंडीच्या डोक्यात तेवढंच राहिलं. हरली याचं तिला काही नव्हतं, हरणं काय तिला नवं होतं? पण आपल्या नावाची बाई इतक्या मोठ्या पुस्तकभर मार खाते आणि तिच्या तोंडचा एक शब्द कुणाला लिहावासा वाटला नाही, हे तिला सलत राहिलं. उद्या गावातली पोरं हे वाचणार आणि कोंडी म्हणजे बोलता न येणारी बाई असंच धरून चालणार. रविवारी सत्काराची शाल घेतली, की या सगळ्यावर आपलाच अंगठा उठला.

"नारळ घे आन गप ये," धाऊनं सांगून पाहिलं. "दर साली शेवळं घेणारा मानूस हाय. कशाला वाकडं घेतेस?"

"मी सरळच इचारनार हाय," कोंडी म्हणाली.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला होता. ललिता आईबरोबर आली होती आणि पहिल्या रांगेत बसली होती. वाचनालयाच्या अध्यक्षा चारुलताबाई प्रधान छान बोलल्या. भाषा हेच खरं शस्त्र आहे, ही कादंबरी तेच सांगते, असं म्हणाल्या. मग गुप्ते उठले. "आज आपल्यात साक्षात राणी कोंडी आली आहे," त्यांनी सांगितलं, तेव्हा मोठ्या टाळ्या पडल्या. कोंडी वर गेली. चारुलताबाईंनी शाल उलगडली.

"थांबा," कोंडी म्हणाली. तिला माइक लागला नाही. "आदी येक सांगा साहेब. त्या इराजला मी काय बोलले?"

गुप्ते हसले. "अगं, दुभाष्या सांगतो ना सगळं."

"त्याचं नाय इचारलं. माजं इचारलं."

"ते असं आहे," गुप्ते जरा सावरून म्हणाले, "परग्रहाची भाषा आहे ती. मी ती तयार केलेली नाही. वाचकाला नुसता भास द्यायचा असतो."

"नाव माजं घेतलंत. भाऊ माजा घेतलात, पाडा घेतलात. आन बोलायची येळ आली तवा घशात दगड?"

मागे कुणीतरी हसलं. गुप्त्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. आपण हिचा मान केला अशा समजुतीत तो इतके दिवस होता, आणि आता भर सभेत त्याला आपलंच पान दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसत होतं.

"चुकलं माझं, कोंडी," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत नावं बदलतो. तुझं, धाऊचं, सगळ्यांची."

हॉलनं सुटकेचा निःश्वास टाकला. चारुलताबाईंनी शाल पुन्हा उचलली. खाली ललिताही आता उतर अशा खुणा करत होती.

"नाव काढायचं नाय," कोंडी म्हणाली. "येवढ्या पुस्तकांत आमचं नाव कुठं येतं? आलंय तर ऱ्हाऊ दे. बोलनं घाला."

"काय घालू?"

"दारात तान्हेला मानूस आला तर कोंडी काय बोलंल, तुमाला ठावं नाय? बसा म्हनंल. पानी आपलंच हाय म्हनंल. आपलं. तुमचं आन आमचं. तुमच्या मशिनीनं 'आपलं'चं 'आमचं' केलं."

उभा जन्म गुप्त्यांनी मुलांना एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत करायला शिकवलं होतं. आमचं आणि आपलं यांतला फरक त्यांना कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. त्यांनी समोरचं पुस्तक उघडलं, ते पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"पण कोंडी," ते शेवटी म्हणाले, आणि ते अगदी खरं सांगत होते, "विराजनं हे ऐकलं तर तो तोफा डागेल कशाला? पाणी पिऊन परत जाईल तो. लढाईच होणार नाही गं. पहिल्याच प्रकरणात कादंबरी संपेल माझी."

"मंग संपू दे," कोंडी म्हणाली आणि शाल तिथंच ठेवून ललिताशेजारी येऊन बसली.