टिंबूराच्या हॉलचं पुढचं दार

डल्सी पेंडर कुणावर चटकन विश्वास ठेवत नसे. दुकानातला पाव ती आधी हुंगून बघे, हवामानखात्याचा पाऊस अंगावर पडेपर्यंत खोटा मानी, आणि कौन्सिलचं माणूस हसून बोलायला लागलं की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच. टिंबूरात याबद्दल तिला कुणी नावं ठेवत नव्हतं. उलट, गव्हाच्या शेतांमधल्या या एवढ्याशा गावात जे काही उरलंय ते डल्सीच्या संशयापायीच उरलंय, असं पुष्कळांचं मत होतं.

उरलं होतं म्हणजे तरी काय, पत्र्याच्या छपराचा एक जुना लाकडी हॉल. डल्सी त्याच्या समितीची अध्यक्ष. मान थोडा आणि कटकट फार. गोधड्या शिवणाऱ्या बायका, लांब सतरंजीवर चेंडू घरंगळवत खेळणारे म्हातारे, घराबाहेर पडू न शकणाऱ्यांना गरम जेवणाचे डबे पोचवणारी मंडळी, आणि मर्व्ह टॉंकिनचं वणवा विझवणारं स्वयंसेवक दल, सगळ्यांचं बस्तान तिथेच. छप्पर गळो की पायरी मोडो, रविवारी सगळे हातोड्या घेऊन जमत, काम उरकत, आणि मग खोबऱ्यात घोळवलेले केक आणि चहा. कौन्सिलला कळवण्याच्या भानगडीत कुणी पडत नसे.

हॉलला रस्त्याच्या बाजूनं मोठं दुहेरी दार होतं, पण ते फक्त शवपेटीसाठी उघडायचं. जिवंत माणसं मागे निलगिरीच्या सावलीत गाड्या लावून स्वयंपाकघराच्या दारानं आत येत. पुढून ऊन, धान्याच्या ट्रकांचा धुरळा. तिकडून यायचं कशाला? असा नियम कुणी घातला नव्हता. पण पुढचं दार उघडं दिसलं की गावातला माणूस टोपी काढायचा आणि कोण गेलं याची चौकशी करायचा.

उन्हाळा सरताना कौन्सिलची टेगन रीड नावाची तरुण मुलगी गावात आली. दुकानासमोर तिनं डल्सीला आणि मर्व्हला गाठलं. "पुढच्या दहा वर्षांचा परिसराचा आराखडा करतोय आपण," ती म्हणाली. "या खेपेला स्वयंसेवी गटांनाही टेबलाशी खुर्ची आहे. नुसतं मत सांगायला नाही, ठरवायला. आणि एक खरं सांगते. तुमचा हॉल आणि शेजारच्या गुरोक गावचा हॉल, दोन्ही सांभाळणं आता होणार नाही. एकाची डागडुजी होईल, दुसरा विकला जाईल. तुमच्यातलं कुणीतरी तिथे असायलाच हवं."

"खुर्ची देताय म्हणजे बसवून ठेवताय," डल्सी म्हणाली.

"तसं नाही हो, मिसेस पेंडर..."

"पोरी, पोहण्याच्या तलावाचं ठरलं तेव्हा तू शाळेत असशील. आम्हाला मोठा नकाशा दाखवला होता. जे आवडतं तिथे हिरवा ठिपका चिकटवा म्हणाले. मी तलावावर चिकटवला. सगळ्या गावानं चिकटवला. त्याच हिवाळ्यात तलाव मातीनं बुजवला, आणि पाटी लावली, 'गावकऱ्यांशी चर्चा करून.' आता ठिपके चिकटवायला दुसरं कुणी शोध."

हे सांगताना तिचा आवाज चढला, कारण ती जखम खरीच होती. गावातली दोन पिढ्यांची मुलं तिनं त्या तलावात पोहायला शिकवली होती. मातीचा पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हा ती कुंपणापाशी उभी राहून ढसाढसा रडली होती. तलाव गेल्याचं दुःख होतंच. पण आपल्याच हातानं तो ठिपका लावून आपण त्यांच्या नाटकात पात्र झालो, याचा तिला जास्त संताप होता.

टेगन गेली. आणि पुढच्याच मंगळवारी, हॉलमध्ये गोधड्यांचं काम रंगात आलं असताना, मर्व्ह मागच्या दारानं धावत आला.

"डल्सी, कौन्सिलची पांढरी गाडी समोर लागलीय. आत तीच पोरगी बसलीय."

"करतेय काय?"

"काही नाही. नुसती बघतेय."

डल्सीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि तिचं डोकं भराभर चालू लागलं. आत विजेच्या तारा जुन्या, मोरी तुंबलेली, चहाच्या मोठ्या भांड्यामागचं बटण काळं पडलेलं. यातलं एक जरी त्या पोरीच्या नजरेस पडलं तरी हॉलला टाळं ठोकायला निमित्त मिळालंच समजा. "पडदे ओढा," ती कुजबुजली. "दिवे बंद. कुणी हूं की चूं करायचं नाही."

बायका सुया हातात धरून अंधारात बसल्या. चहाचं भांडं सूं सूं करायला लागलं तसं त्यांच्यातल्या ग्वेननं त्याची वायरच उपटली. आपण तिला काही मिळू दिलं नाही, या आनंदात डल्सी त्या दिवशी घरी गेली.

गाडी पुन्हा आली तेव्हा चेंडूंचा खेळ चालू होता. म्हातारे चेंडू पोटाशी धरून पुतळ्यासारखे उभे राहिले. एकाला खोकला आला, तर त्याच्या तोंडात केक कोंबला. त्यानंतर ती आली ती डबे भरायच्या दिवशी, आणि त्या वेळी तिनं चक्क येऊन पुढचं दार ठोठावलं. डबे भरणारे सगळे हात जागच्या जागी थांबले. डल्सीनं ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं गाडी निघून गेल्याचा आवाज आला आणि सगळे खो खो हसत सुटले. डबे मात्र त्या दिवशी कोमट पोचले.

"अगं, त्यापेक्षा त्या आराखड्याच्या बैठकीला जाऊ की," मर्व्ह म्हणाला. "काय शिजतंय ते तरी कळेल."

"जाते. पण खुर्चीसाठी नाही, त्यांची लबाडी उघडी पाडायला."

बैठक गुरोकच्या हॉलमध्ये होती, आणि तिथेच डल्सीचं डोकं फिरलं. गुरोकच्या समितीचा बेव्हन हॉब्डे दारात उभा राहून या, या, करत होता. दारं सताड उघडी, पायरीवर फुलांच्या कुंड्या. "कुंड्या कालच आणल्यात," डल्सी मर्व्हच्या कानात पुटपुटली. "माती बघ, अजून काळी आहे."

कौन्सिलच्या अध्यक्षांनी टेगनला बोलायला सांगितलं. ती उठली, पण तिचा चेहरा पडलेला होता.

"टिंबूराचा हॉल राहावा, असं मला मनापासून वाटत होतं," ती म्हणाली. "म्हणून मी स्वतः जाऊन बघितलं. एकदम आत घुसले तर लोक म्हणतील कौन्सिल पाळत ठेवतंय, म्हणून गाडीतच बसले. वेगवेगळ्या दिवशी गेले. एक माणूस आत गेलं नाही, एक बाहेर आलं नाही. दिवा नाही, आवाज नाही. शेवटी दार ठोठावलं, तर आतून साधी ओसुद्धा नाही. मला वाईट वाटतं, पण तो हॉल कुणी वापरत नाही, असंच मला सांगावं लागेल."

 डल्सीशेजारी मर्व्ह आपल्या बुटांकडे बघत होता. तलाव दुसऱ्यांनी बुजवला होता. हा हॉल मात्र ती स्वतःच्या हातांनी बुजवत होती, आणि तेही ओठांवर बोट ठेवून. आता तोंड उघडलं तर मरेपर्यंत बेव्हन हॉब्डे हे सगळ्या तालुक्याला सांगत सुटणार. नाही उघडलं तर काय, ते समोर मांडलेलंच होतं.

ती उठली. "आम्ही आत होतो," ती म्हणाली.

"कोण आत होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"सगळे. तिन्ही वेळा. पडदे ओढून, दिवे घालवून बसलो होतो. मी बसवलं होतं सगळ्यांना. मला वाटलं, ही पोरगी हॉल बंद करायला काहीतरी खुसपट शोधतेय."

 मग बेव्हन जो हसायला लागला तो डोळे पुसेपर्यंत थांबला नाही. टेगन हसली नाही. "म्हणजे मी दार ठोठावत होते तेव्हा..."

"मी दारापासून हातभर अंतरावर होते, पोरी."

"हे खरं कशावरून?" अध्यक्ष म्हणाले.

"मंगळवारी या आणि स्वतःच बघा. पुढचं दार उघडं ठेवते."

मंगळवारी दार उघडायला मर्व्हला पहार लावावी लागली. बिजागऱ्या करकरल्या, दोन्ही फळ्या भिंतीला टेकल्या आणि रस्त्यावरचं ऊन थेट रंगमंचापर्यंत गेलं. डल्सी आत जाऊन टेबलं मांडायला लागली. समोरून जाणारा ट्रॅक्टर थांबला, हे तिच्या लक्षातच आलं नाही.

आधी बेकरीवाली आली, हातात झाकलेला ट्रे आणि डोळ्यांत पाणी. "डल्सी, कोण गेलं गं?"

"कुणी नाही गेलं!"

"मग दार?"

डल्सी समजावून सांगते तोवर मागे आणखी माणसं. कुणी मटणाचं भांडं आणलं, कुणी केक. एक शेतकरी काळा टाय बांधून आला. टिंबूरात कुणी गेलं की हात रिकामे ठेवून यायचं नसतं, आणि ताट घेऊन आलेलं माणूस चहा घेतल्याशिवाय परत जात नाही. बघता बघता अख्खं गाव हॉलमध्ये. चेंडू खेळणारा म्हातारा आल्फ काठी टेकत आला, डल्सीला बघून थबकला आणि रुमालात नाक शिंकरत म्हणाला, "मला वाटलं, तूच गेलीस."

"सुटलो म्हणाला असशील."

"म्हटलं, आता हॉलही गेला," आल्फ म्हणाला, आणि डल्सीनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

अध्यक्ष आणि टेगन आले तेव्हा त्यांना आत शिरायला जागा नव्हती. अध्यक्षांच्या हातात कुणीतरी बशी दिली. "'कुणी वापरत नाही' हे शब्द मागे घ्यावे लागतील," ते केक चावत म्हणाले. टेगननं गाडी मागे नेऊन निलगिरीखाली लावली आणि स्वयंपाकघरात जाऊन कप विसळायला लागली. डल्सी तिच्याशेजारी फडकं घेऊन उभी राहिली.

"गुरोक की तुम्ही, ते अजून ठरायचंय," टेगन हळूच म्हणाली. "ते ठरेल तेव्हा तिथे तुमच्या बाजूनं बोलणारं माणूस हवं. तुमची खुर्ची मी अजून कुणाला दिलेली नाही."

"तुम्हा लोकांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते."

"मग तर याच. तिथे सगळे एकमेकांवर फार विश्वास ठेवतात."

डल्सीनं कप पुसता पुसता त्या पोरीचा चेहरा नीट न्याहाळला. लबाडी काही दिसेना. दिसायला वेळ लागत असेल, तिला वाटलं.

"त्या टेबलावर ठिपके नसतील ना?"

"नाही."

"मग सांग, किती वाजता यायचं?"